सुनेला काढलेले चिमटे

माझ्या सुनेला कुठेही झोप लागते, हे आधीच सांगून टाकते. बसमध्ये दांडी धरून उभ्या उभ्या लागते. दूध तापत ठेवलं की ते वर येईपर्यंत लागते. एकदा नातीची वेणी घालता घालता तिचा डोळा लागला. वेणी हातात, डोकं भिंतीला. पोरगी गुणाची, आईची झोप मोडू नये म्हणून हलली नाही. शेवटी शाळेची वेळ झाली तशी हळूच केस सोडवून घेतले आणि अर्ध्या वेणीनेच गेली.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती चौदा वर्षं आहे. एक आठवडा सकाळी सहा ते दोन, दुसरा आठवडा दुपारी दोन ते रात्री दहा. धुतलेल्या ओल्या चादरी तापलेल्या रोलरमध्ये सरकवायच्या, हे तिचं काम. चादरीचं एक टोक हिच्या हातात, दुसरं दुसऱ्या बाईच्या. दोघींनी एका वेळी सरकवायचं, नाहीतर चादर तिरकी जाते. तिथे मात्र ती कधी पेंगत नाही. रोलरला चादर कुठली आणि बोट कुठलं ते कळत नाही, असं त्यांची मुकादमबाई पहिल्याच दिवशी सांगते म्हणे. म्हणजे आठ तास डोळे ताणून ठेवायचे आणि बाहेर पडलं की ते आपोआप मिटायचे. घरी येताना रुग्णांच्या झग्यांचं गाठोडं असतंच, त्यांच्या तुटलेल्या नाड्या शिवायला. माझा मुलगा लांबच्या फेरीचा ट्रक चालवतो, महिन्यातले आठ दिवस घरी, त्यातले चार गाडीखाली दुरुस्ती करत. तेव्हा घर म्हणजे मी, ती आणि दहा वर्षांची नात.

शेजारणी म्हणतात, "तुमची सून घुमी आहे हो. दहा वाक्यं बोललं तर एक उत्तर देते." मी म्हणते, तुम्ही तिला यानाबद्दल विचारलंच नाही कधी.

लग्न होऊन आली तेव्हा तिच्यासोबत एक पत्र्याची पेटी होती. मी सासू, पेटी उघडून बघणारच. वाटलं, माहेरून काहीतरी ठेवणीतलं आणलं असेल. आत बघते तर चित्रांची पुस्तकं! पातळ, पिवळी पडलेली, काहींना उंदरांनी चाखलेलं. तिच्या वडिलांचं रद्दीचं दुकान होतं. रद्दीत ही साप्ताहिकं यायची, कधी सातवा अंक आधी, कधी तिसरा नंतर, आणि ही बघावं तेव्हा ढिगात बसून ते जुळवायची. अंतराळात टपाल पोचवणाऱ्या यानाची गोष्ट. या ताऱ्यावरची पत्रं त्या ताऱ्यावर. यानावर एक कप्तानबाई, एक तीन डोळ्यांची वाट दाखवणारी, तिला तिडोळी म्हणायचं, आणि एक पायाने अधू यंत्रमाणूस, तो लंगड्या. असे बासष्ट अंक तिने जमवले. माझं वाचन जेमतेम, पण चित्रं कळतात. पहिल्या वर्षी मी चोरून आठ-दहा अंक बघितले आणि तिला म्हटलं, "ही लहान मुलांची पुस्तकं सासरी कशाला आणलीस?"

ती म्हणाली, "शेवट राहिलाय ना आई."

झालं होतं ते असं. बासष्टाव्या अंकाच्या शेवटच्या पानावर कप्तानबाई यानाच्या बाहेर लटकलेली. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात टपालाची पिशवी. दोन्ही हात लावल्याशिवाय वर चढता येत नाही आणि दोरी तर उसवत चाललेली. पिशवी सोडली तर ती वाचते. पण चौदा वर्षांत तिने एक पत्र हरवलेलं नाही. बस, तिथे अंक संपला. त्रेसष्टावा रद्दीत आलाच नाही. सुनेने सगळ्या गावाची रद्दी उलथीपालथी केली, मग वडिलांनी दुकान बंद केलं, मग ही कामाला लागली, मग आमच्या घरी आली. कप्तानबाई आपली लटकलेलीच. सव्वीस वर्षं.

आणि यंदा त्या यानाचा सिनेमा आला.

बातमी नातीने फोनवर बघितली. "आई, तुझं ते म्हातारं यान पडद्यावर येतंय." सून तेव्हा नाडीला गाठ मारत होती. सुई तशीच धरून तिने फोन हातात घेतला आणि दोन मिनिटांची जाहिरात अकरा वेळा बघितली. नंतर जे बोलायला लागली ते दिवा मालवेपर्यंत. तिडोळीचा अंगरखा निळा कसा केला, तो हिरवाच हवा. लंगड्या उजव्या पायाने लंगडतो, इथे डाव्याने का? कप्तानबाई जरा जास्तच देखणी घेतलीये. नात मला म्हणाली, "आजी, आईला ताप आलाय का?"

अडचण एकच, ती झोप. अंधार, गार हवा आणि मऊ खुर्ची म्हणजे हिच्यासाठी दवाखान्यातली भूलच. तिला स्वतःला ते पक्कं ठाऊक. शनिवारी माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, उद्या दोनला सुटले की तीनच्या खेळाला जाते. तुम्ही माझ्यासोबत याल?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला नकोय. माझा डोळा लागला की चिमटा काढायचा."

"अगं पण..."

"जोरात काढा. लाजू नका. शेजारच्यांनी बघितलं तरी चालेल."

इतक्या वर्षांत सुनेने माझ्याकडे मागितलेली ही बहुतेक पहिलीच गोष्ट. आणि काम असं, की पुष्कळ सासवा ते आपखुशीने करतील. मी हो म्हटलं. नातीला शेजारी ठेवलं.

रविवारी ती धुलाईखान्यातून थेट आली, केसांत वाफेचा वास, तळहात लाल. आम्ही बसलो. दिवे गेले आणि यान आलं. मी खोटं बोलणार नाही, छाती दडपली माझी. चांगलं चार मजली इमारतीएवढं यान, आणि त्याच्या पोटात घरातल्यासारखा पसारा, दोरीवर वाळत घातलेले मोजेसुद्धा. सून खुर्चीच्या टोकावर. दर दोन मिनिटांनी माझ्या कानाशी लागायची. "ती बघा, ती पेटी सोळाव्या अंकातली!" "आता हा वाकडा म्हातारा आला ना, त्याच्यावर विश्वास ठेवू नका." "लंगड्याचा आवाज... आई, मला वाटला होता तस्साच आवाज आहे हो!" पुढच्या रांगेतला एक गृहस्थ दोनदा मागे वळला. मी त्याच्याकडे असं बघितलं, की तिसऱ्यांदा वळला नाही.

मध्यंतरात ती चहाही न घेता बसून राहिली. म्हणाली, "आता खरं सुरू होईल."

सुरू झालं आणि दहाव्या मिनिटाला तिची मान कलली.

मी हात पुढे नेला. चिमट्यात दंड धरलासुद्धा. आणि तेवढ्यात पडद्यावर एक सूर्य फुटला, सगळा उजेड तिच्या तोंडावर आला. कपाळावरची ती आडवी घडी, जी मी रोज सकाळ-संध्याकाळ बघते, ती गेली होती. तोंड जरासं उघडं. पडद्यावर तोफा धडाडतायत आणि ही तान्ह्या बाळासारखी. मला वाटलं, झोपू दे गं पोरीला. सिनेमा काय, नंतर मी सांगेन. हिला झोपेचीच गरज आहे. मी तिच्यावर माझी शाल घातली आणि स्वतःवर खूश होऊन सिनेमा बघितला. पूर्ण बघितला. कप्तानबाई लटकली, दोरी उसवली, पुढे काय झालं तेही बघितलं.

दिवे लागले तशी ती दचकून उठली. पडद्यावर नावांची रांग वर चालली होती.

"संपला?"

"हो गं. छान झोपलीस. मी तुला सगळं..."

"सोडली का तिने पिशवी?" मी तोंड उघडलं, तशी तिने हात माझ्या तोंडापुढे धरला. "नको! सांगू नका!"

मग अंगावरची शाल बघितली. तिने ती घडी घातली, नीट चार कोपरे जुळवून, धुलाईखान्यात घालतात तशी, आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"आई, तुम्ही चिमटा काढला नाहीत."

"अगं, इतकी दमलेली होतीस..."

"मी दमलेली असतेच. मी झोपायला नव्हते आले." आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. "सगळे मला तेच सांगतात. जरा पड, जरा आराम कर. मी एकच गोष्ट मागितली होती."

बसमध्ये त्या दिवशी तिला झोप लागली नाही. सबंध वाटभर खिडकीबाहेर बघत बसली. मी मनातल्या मनात स्वतःची बाजू मांडत होते, पण ती बाजू काही उभी राहीना. मला दया आली होती हे खरं. पण ती माझी मला आली होती, तिने कुठे मागितली होती?

पुढचे तीन दिवस घरात मिठाची बरणी सरकवण्यापुरतं बोलणं. आणि माझ्या पोटात तो शेवट. मला गुपित ठेवायची सवय नाही, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. भाजी चिरताना तोंडावर यायचं, नाडी शिवताना यायचं. नात मागे लागायची, "आजी, फक्त हो की नाही एवढं सांग." मी तिला ओरडून बाहेर काढायची. सून स्वयंपाकघरात आली की मी उठून दुसऱ्या खोलीत जायची, न जाणो चेहऱ्यावरून कळायचं.

सिनेमा गुरुवारच्या खेळानंतर उतरणार होता. खेळ एकच, दुपारी तीनचा. आणि या आठवड्यात तिची पाळी दोन ते दहा. मी म्हटलं, "मुकादमबाईला सांग, सासू आजारी आहे."

"तुम्ही ठणठणीत आहात."

"मी पडून राहते ना दिवसभर. कण्हते हवं तर."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या ओठाचा कोपरा हलला. पण खोटं बोलायची नाही ती. बुधवारी जाताना सांगून गेली, "मी एकीशी पाळी बदललीये. आज रात्री दहाला सुटेन, उद्या सकाळी सहाला परत जाईन, दोनला सुटेन. मग तीनचा खेळ."

मी बोटांवर हिशोब केला. "म्हणजे मध्ये झोप किती? येण्याजाण्यात दोन तास गेले, जेवण-अंघोळीत एक, तर पाच तास? रविवारी तर त्याहून जास्त झोपली होतीस, तरी..."

"म्हणून तर तुम्हाला नेतेय." ती चपला घालता घालता म्हणाली. "येणार असाल तर."

बुधवारची झग्यांची सगळी गाठोडी मी शिवली. माझे टाके जाडेभरडे, पण पाठीमागच्या नाडीकडे आजारी माणूस कशाला बघतोय. तिचे कपडे काढून ठेवले, सकाळचा डबा भरून ठेवला. एवढंच माझ्या हातात होतं. खरं काम गुरुवारी.

गुरुवारी ती आली ती चालत आली म्हणायचं, एवढंच. डोळ्यांखाली काळं. थिएटरात आमच्याशिवाय मोजून नऊ माणसं. बसल्या बसल्या तिने बाही वर करून दंड माझ्याकडे केला, सुई टोचून घ्यायला करतात तसा.

पहिला चिमटा मध्यंतराच्याही आधी लागला. हलकाच काढला. ती डोळे न उघडता म्हणाली, "हे काय, माशी बसली?" दुसरा जरा बरा काढला. मध्यंतरात तिने तोंडावर गार पाणी मारलं, मान ओली करून आली. नंतर मात्र माझी दया मी शालीत गुंडाळून बाजूला ठेवली. सूर्य फुटला, तिसरा. वाकडा म्हातारा उलटला, चौथा, पाचवा. डोळे उघडायचे, चार क्षण पडदा बघायचे, परत जड व्हायचे. "उठ गं," मी कानात म्हणायची, "तिडोळी पकडली गेली." ती म्हणायची, "हो, एकसष्टावा अंक," आणि मान परत खाली. सहावा असा काढला, की माझंच बोट दुखलं. ती "आई गं!" म्हणून ओरडली आणि नऊच्या नऊ माणसांनी मागे बघितलं. मला दरदरून घाम फुटला, गार हवेत.

आणि मग कप्तानबाई यानाबाहेर लटकली.

मला सातव्याची तयारी ठेवायची होती, पण गरज नव्हती. सून खुर्चीतून उठून उभी राहिली होती. दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर, रोलरपाशी उभी राहते तशी. पडद्यावर नुसती शांतता. दोरीचा एकेक पदर तुटतोय. कप्तानबाई पिशवीकडे बघते, दोरीकडे बघते. दारातून लंगड्या ओरडतोय, आवाज ऐकू येत नाही, नुसतं तोंड हलताना दिसतं.

आणि कप्तानबाईने पिशवी सोडली.

पत्रं बाहेर पडली. हजारो. काळ्याभोर आकाशात पांढरी पांढरी, सगळीकडे. कप्तानबाई दोन्ही हातांनी दोरी धरून वर चढली, आत पडली, आणि तिथेच जमिनीवर पालथी पडून हसायला लागली. आमची बाई इकडे उभ्या उभ्या हसत होती आणि नाकाडोळ्यांतून पाणी. "सोडली हो आई! सोडली तिने!" जणू मला ठाऊकच नव्हतं.

बसमध्ये मात्र भांडण.

"चुकलंच पण तिचं," सून म्हणाली. "पुस्तकातली असती तर सोडली नसती."

"मग काय, मेली असती?"

"काहीतरी केलं असतं. पिशवी दातात धरली असती."

"एवढं मोठं पोतं? दातात?"

"तुम्ही चौदावा अंक वाचला नाही. त्यात तिने दातांनी दार उघडलंय."

"मी पहिला पदर तुटताच सोडली असती," मी म्हटलं. "आणि पत्रं लिहिणाऱ्यांना निरोप पाठवला असता, परत लिहा म्हणून."

"तुम्ही टपालात टिकला नसता आई." मग जरा वेळाने, "पण आत येऊन पडली ना, ते बरोबर दाखवलं. दमलेली होती ती. सगळ्यांना वाटतं ती शूर आहे. ती दमलेली होती." असं म्हणून खांद्यावर डोकं टाकलं आणि झोपली. चिमटा काढायची आता गरज नव्हती. आमचा थांबा आला तेव्हा उठवली.

हे इथे संपलं असतं. पण शनिवारी सकाळी नऊला दार वाजलं. दारात एक उंच, जाडजूड बाई. धुलाईखान्याची मुकादमबाई. आयुष्यात आमच्या घरी कधी आली नव्हती.

"सासूबाई तुम्हीच का?" तिने मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "मला सुनेशी बोलायचंय."

"झोपलीये ती. काल दहाला सुटली."

"उठवा."

"नाही उठवणार."

ती कमरेवर हात ठेवून आत आली. "आजी, सरळ बोलते. काल ती अर्ध्या बाहीच्या झग्यात कामाला उभी होती. दंड काळानिळा. मी विचारलं, हे काय? म्हणाली, सासूने चिमटे काढले. तेवढ्यात रोलर सुरू झाला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. चौदा वर्षं ओळखते मी तिला. तोंडातून शब्द काढत नाही. तिच्यावर असलं काही चाललं असेल, तर मी गप्प बसणारी नाही."

मी हसले, आणि तेच चुकलं.

"हसता काय?"

"अहो बाई, तिनेच सांगितलं काढायला."

"कुणी स्वतःहून सांगतं का?"

"बसा," मी म्हटलं. "चहा ठेवते. यान माहीत आहे का तुम्हाला? टपालाचं?"

ती बसली, पण खुर्चीच्या काठावर, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी तिला रद्दीच्या दुकानापासून सांगायला लागले. पेटी सांगितली, बासष्ट अंक सांगितले, रविवारची शाल सांगितली. त्या शालीपाशी तिने मान हलवली, "मीसुद्धा तेच केलं असतं," आणि पर्स खाली ठेवली. कप्तानबाई लटकली, तोवर चहाला साय धरली होती.

"एका हातात दोरी, एका हातात पिशवी," मी दोन्ही हात वर करून दाखवलं. "आणि दोरी उसवत चाललेली."

"मग?" मुकादमबाई पुढे सरकली. "सोडली की नाही?"

मी श्वास घेतला. इतक्या दिवसांनी आता कुठे सांगायला मोकळी झाले होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून, पांघरुणाखालून, झोपेने जड झालेला आवाज आला.

"आई! शेवट सांगायचा नाही! त्यांनी बघितला नाहीये!"

मुकादमबाईने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बघितला असता, पण कालपासून गेला ना तो?"

"गेला," आतून उत्तर आलं. "पण कुठेतरी परत लागेल. वाट बघा. मी नाही का बघितली?"

पुढे काही आलं नाही. नुसता श्वास, लांब आणि एकसारखा. मुकादमबाईने आवाज खाली केला. "परत झोपली?"

"झोपली. दोनला कामावर यायचंय तिला."

बाईने गार झालेला चहा आवाज न करता संपवला, पर्स उचलली, आणि एवढं थोराड अंग घेऊन चवड्यांवर चालत दारापर्यंत गेली.